एक तास सव्वीस मिनिटांची थाप

चाकणजवळ महाळुंग्याच्या एका खोलीत आम्ही पाचजण राहायचो. त्यातला मी गोंदिया जिल्ह्यातला, आमगावकडचा. माझ्या शेजारी गादी टाकणारा सिंधुदुर्गातला, परुळ्याजवळचा. मी त्याला कोकण्या म्हणायचो, तो मला गोंद्या. महाराष्ट्राच्या नकाशात आमच्यापेक्षा लांबची दोन गावं शोधून काढायला तुम्हाला जरा मेहनत पडेल. तो पार खाली समुद्राला टेकलेला, मी पार वर छत्तीसगडला टेकलेला. कंपनीने मात्र आम्हाला एकाच लाइनवर चार फुटांच्या अंतराने उभं केलं होतं.

आमच्यात एक गोष्ट सारखी होती. दोघांच्याही गावाजवळ विमानतळ होता. त्याच्याकडे चिपी, माझ्याकडे बिरसी. बिरसीची धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. तिथे वैमानिक तयार करणारी संस्था आहे, त्यामुळे आमच्या धानाच्या बांध्यांवरून शिकाऊ पोरांची छोटी विमानं दिवसभर घिरट्या घालायची. चिखलात रोवणी करणाऱ्या बाया मान वर करून बघायच्या आणि पुन्हा खाली वाकायच्या. विमान आम्हाला नवीन नव्हतं. त्यात बसणं नवीन होतं.

एका रात्री कोकण्याने फोनवर दोन विमानतळांमधलं अंतर काढणारं पान उघडलं. गोंदिया आणि सिंधुदुर्ग टाकलं. उत्तर आलं: सुमारे ९४० किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास चाळीस मिनिटं. मग गोंदिया आणि पुणे टाकलं. सुमारे ७४० किलोमीटर, एक तास सव्वीस मिनिटं. आम्ही खूप हसलो. "म्हणजे तू सकाळी घरी जाऊन जेवून सेकंड शिफ्टला परत येशील रे," तो म्हणाला.

तेव्हा मलाही हसू आलं होतं. आता येत नाही. का येत नाही ते सांगतो, पण आधी हा आकडा येतो कुठून ते बघू.

त्यात जादू काही नाही. प्रत्येक विमानतळाचे अक्षांश-रेखांश ठरलेले असतात. पृथ्वी गोल आहे, म्हणून दोन बिंदूंमधली गोलावरची सगळ्यात जवळची रेघ काढायची. ते झालं हवाई अंतर. मग मोठ्या जेट विमानाचा वेग ताशी आठशेच्या आसपास धरून भागाकार करायचा आणि चढण्या-उतरण्यासाठी अर्धा तास मिळवायचा. ७४० ला ८०० ने भागलं की साधारण ५६ मिनिटं. त्यात तीस मिळवा. एक तास सव्वीस.

गणित बरोबर आहे. अडचण एवढीच, की यंत्र एक प्रश्न विचारत नाही: या दोन ठिकाणांच्या मध्ये विमान आहे का? माझ्या त्या दिवसांत गोंदिया ते पुणे थेट विमान नव्हतं. गोंदिया ते सिंधुदुर्ग तर विचारूच नका. आडगावाला विमान मिळालंच तर ते बहुतेक वेळा पंख्याचं, सत्तरेक आसनांचं एटीआर असतं आणि ते ताशी पाचशेच्या आसपास उडतं. म्हणजे आठशेचा भागाकारही आमच्यासाठी नाही. हवाई मार्ग सरळ रेघेत नसतात ते वेगळंच. यंत्राने मला जे विमान दाखवलं ते कधी उडालंच नव्हतं.

आता ती रात्र.

फेब्रुवारी २०२४. सेकंड शिफ्ट बारा वाजता सुटली. लाइनवर फोन चालत नाही, तो लॉकरमध्ये असतो. बारा दहाला लॉकर उघडला तेव्हा आईचे सात मिस्ड कॉल होते आणि जावयाचा एक मेसेज. बाबा रात्री नऊ वीसला गेले होते. मी आईला फोन लावला. ती एवढंच म्हणाली, "केव्हा येतोस गा?"

महाराष्ट्र एक्सप्रेस निघून गेली होती. आझाद हिंद संध्याकाळीच गेली होती. नागपूरच्या ट्रॅव्हल्सही गेल्या होत्या. हैदराबादहून गोंदियाला विमान सुरू होऊन दोन-तीन महिने झाले होते, पण पुणे ते हैदराबाद पाचशे आणि हैदराबाद ते गोंदिया आणखी पाचशेपंधरा, असा हजार किलोमीटरचा वळसा घालूनही वेळा जुळत नव्हत्या. राहिलं नागपूरचं विमान. पहाटेच्या विमानाचं तिकीट चौदा हजार दाखवत होतं. ट्रेनी म्हणून माझा महिन्याचा पगार हातात पंधरा हजार यायचा. खात्यात सहा हजार तीनशे होते.

कोकण्याने खोलीतल्या सगळ्यांना उठवलं, दुसऱ्या खोलीतल्या पोरांना उठवलं. कुणी पाचशे, कुणी हजार फोनवरून पाठवले. चार वाजेपर्यंत दुपारच्या विमानाचं तिकीट निघालं, नऊ हजार आठशेला. पुढचा हिशोब मला तोंडपाठ आहे. खोलीत नऊ तास वीस मिनिटं. चाकण ते लोहगाव, सकाळच्या गर्दीत मोशी-भोसरीमार्गे, दोन तास दहा मिनिटं. विमानतळावर तीन तास चाळीस मिनिटं, कारण विमान उशिरा होतं. हवेत एक तास पंचवीस मिनिटं. नागपूरला उतरून स्टेशन गाठणं आणि गाडीची वाट बघणं दीड तास. गोंदियापर्यंत रेल्वे दोन तास पाच मिनिटं. तिथून जावयाच्या मोटरसायकलवर चाळीस मिनिटं. रात्री नऊला मी दारात होतो.

माती चार वाजता झाली होती. चार वाजता मी हवेत होतो.

बेरीज करून बघा: वीस तास पन्नास मिनिटं. पुण्याहून गोंदियाला महाराष्ट्र एक्सप्रेस साधारण वीस तास लावते. म्हणजे मी आयुष्यात पहिल्यांदा विमानाने गेलो आणि रेल्वेच्याच वेळात पोचलो. एवढ्या प्रवासात विमान हलत होतं ती मिनिटं शंभरात सातसुद्धा नाहीत.

तुम्ही म्हणाल, हे तुझं नशीब. पैसे नव्हते, विमान उशिरा होतं, शिफ्ट रात्री सुटली. हे सगळं अंतरात धरायचं नसतं.

का धरायचं नसतं? मला तर कंपनीने उलटंच शिकवलं आहे.

चाकणमध्ये रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात ट्रेनिंग असतं. त्यात दोन शब्द घोकून घेतात: सायकल टाइम आणि लीड टाइम. मशीनवर एक पार्ट तयार व्हायला पंचेचाळीस सेकंद लागतात, तो सायकल टाइम. ऑर्डर आल्यापासून माल गिऱ्हाइकाच्या दारात पडेपर्यंत जे दिवस जातात, तो लीड टाइम. ट्रेनर फळ्यावर लांबलचक पट्टी काढतो आणि दाखवतो, की बारा दिवसांच्या लीड टाइममध्ये मशीन प्रत्यक्ष चालतं ते काही मिनिटंच. बाकी सगळं वाट बघणं: रॅकवर पडून राहणं, ट्रकची वाट, गेट पासची वाट, सहीची वाट. मग तो विचारतो, गिऱ्हाइकाला यातलं काय कळतं? आम्ही सगळे एका सुरात म्हणतो, लीड टाइम. आणि जो सुपरवायझर फक्त सायकल टाइम कमी केल्याची फुशारकी मारतो, त्याला आढावा बैठकीत सगळ्यांसमोर धुतात.

उड्डाणाचा वेळ हा सायकल टाइम आहे, प्रवास हा लीड टाइम. पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात बारावी पास ट्रेनीला सातव्या दिवशी कळणारी ही गोष्ट आपल्या भाषणांना आणि जाहिरातींना कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. त्यांना कळते. पण विमानतळाच्या उद्घाटनाला "आता अमुक शहर फक्त सव्वा तासावर" हे वाक्य छान दिसतं, आणि कुठून कुठपर्यंत सव्वा तास, हे कुणी विचारत नाही.

याच पट्ट्यात लीड टाइम मनापासून मोजतात तेव्हा काय होतं, तेही मी पाहिलं आहे. एकदा एका कनेक्टरचा साठा संपत आला. लाइन थांबणार होती. लाइन थांबली तर मिनिटाला किती नुकसान होतं याचा आकडा आमच्या कंपनीत भिंतीवरच लावलेला होता. चेन्नईहून दोन खोके विमानाने आले. विमान उतरायच्या आधी टेम्पो लोहगावला उभा होता, गेट पास तयार होता, खोके स्टोअरमध्ये न जाता सरळ लाइनवर आले. त्या खोक्यांचं अंतर कुणी विमानतळ ते विमानतळ मोजलं नाही, दारापासून दारापर्यंत मोजलं. कंपनीवर माझा राग नाही, तिचा धंदाच तो. माझा प्रश्न आहे, की दोन खोक्यांसाठी आपल्याला जे हिशोब येतात ते माणसासाठी का येत नाहीत.

आता सरकारी हिशोबाकडे येऊ. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी शिमल्याहून उडान योजनेची पहिली विमानं रवाना केली. त्यात आपलं नांदेडही होतं, नांदेड ते हैदराबाद. हवाई चप्पल घालणारा माणूस हवाई जहाजात बसावा, असं तेव्हा सांगितलं गेलं. कल्पना चांगली आहे, हे मी खोटं बोलणार नाही. साधारण पाचशे किलोमीटरच्या, तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपयांची मर्यादा, विमानातल्या निम्म्या जागा अशा दराच्या, आणि कंपनीचा जो तोटा होईल त्याची भरपाई तीन वर्षं.

पुढे काय झालं ते विरोधकांनी नाही, देशाच्या महालेखापरीक्षकांनी सांगितलं आहे. कॅगचा २०२३ चा अहवाल म्हणतो, की उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांपर्यंत ७७४ मार्ग वाटले गेले. त्यातले ३७१ सुरू झाले. तीन वर्षांची मुदत पुरी केली ११२ मार्गांनी. आणि मुदत संपल्यावरही, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिले ५४.

७७४ मधले ५४. आमच्या लाइनवर शंभर पार्टमागे सात चांगले निघाले असते, तर मॅनेजरची त्याच दिवशी बदली झाली असती.

आमच्या दोघांचे विमानतळ या आकड्यांत कसे बसतात बघा. २००४ ते २०११ नागरी विमान वाहतूक खातं गोंदियाच्याच नेत्याकडे, प्रफुल्ल पटेलांकडे होतं. तरी बिरसीवरून प्रवासी विमान उडायला मार्च २०२२ उजाडलं: इंदूर, गोंदिया, हैदराबाद. काही महिन्यांत ते बंद पडलं. पुन्हा डिसेंबर २०२३ मध्ये दुसऱ्या कंपनीने हैदराबाद-तिरुपतीकडे सुरू केलं. कोकण्याच्या चिपीचं उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ ला झालं. मुंबई-चिपी विमान उडानमधून तीन वर्षं चाललं, मुदत संपली आणि २०२४ च्या अखेरीस तेही थांबलं. चिपी ते पुणे ऑगस्ट २०२४ मध्ये सुरू झालं तेव्हा कोकण्या दोन दिवस खोलीत विमान करून फिरत होता. "माझो इमानतळ तुझ्यापेक्षा बरो," असं ऐकवायचा. गणपतीला मात्र तो ट्रॅव्हल्सनेच गेला. त्याच्या सुट्टीचा वार आणि विमानाचा वार एक नव्हता.

विमानतळ असणं आणि विमान असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमान असणं आणि ते उद्याही असणं, या आणखी वेगळ्या. आपल्याकडे पहिल्या गोष्टीची कोनशिला बसते आणि तिसरीची जबाबदारी कुणाचीच नसते.

इथपर्यंत वाचून काही मित्र माना डोलावतील. त्यांच्याशीही मला भांडायचं आहे. पुण्यातल्या एका चर्चेत मी ही गोष्ट सांगितली तेव्हा एक शिकलेला माणूस म्हणाला, "मुळात कामगाराला विमान हवंच कशाला? रेल्वे सुधारा." ऐकायला गरिबांच्या बाजूचं वाटतं. पण बोलणारा स्वतः दिल्लीहून विमानाने आला होता. बाप गेल्यावर लवकर पोचण्याची घाई पगाराप्रमाणे कमी-जास्त होते का? उलट ज्याला वर्षातून सात सुट्ट्या मिळतात त्याला वेळ जास्त महाग असतो. वीस तास जायला, वीस तास यायला, की मधे तेरवीपर्यंत थांबायला दिवसच उरत नाहीत. मी आठव्या दिवशी परत आलो. तेरवी माझ्याशिवाय झाली, कारण त्यापुढे गैरहजर राहिलो असतो तर माझी जागा गेली असती.

रेल्वे सुधारा, हे मात्र मला शंभर टक्के मान्य आहे. पण ते विमानाऐवजी म्हणून नाही. आणि रेल्वे सुधारायची म्हणाल तर आधी हे ऐका: ज्या चाकणच्या रस्त्यांवरून बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीजची वाहनं बाहेर पडतात, त्या चाकणला रेल्वे स्टेशन नाही. पुणे-नाशिक रेल्वे इथून जाणार, हे आम्ही वर्षानुवर्षं ऐकतोय. मधे खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीमुळे मार्गाचा वाद झाला. दुर्बिणीला अब्जावधी किलोमीटरवरचं ऐकू येतं. आमचं म्हणणं चाकणहून मंत्रालयात पोचत नाही.

विमानतळाचंही तसंच. पुण्याचा नवा विमानतळ चाकण-राजगुरूनगरच्या बाजूला होणार, ही चर्चा मी इथे येण्याच्या कितीतरी आधीची. जागा बदलत गेल्या, खेड तालुक्यातल्या शेतकऱ्यांनी विरोध केला, आणि २०१६ मध्ये सरकारने पुरंदरचं नाव जाहीर केलं. पुरंदर चाकणपासून सरळ रेघेत पन्नासेक किलोमीटर आहे आणि मधे अख्खं पुणे आहे. तिथल्या पारगाव मेमाणे, कुंभारवळण, वनपुरी अशा सात गावांतूनही विरोध झाला. मी शेतकऱ्याचा पोरगा आहे. माझा लीड टाइम अर्ध्या तासाने कमी व्हावा म्हणून कुणाचा मळा जावा, असं मी लिहिणार नाही. माझं म्हणणं आहे, की नवीन धावपट्टी मागण्याआधी असलेल्या धावपट्टीपर्यंतचा रस्ता मोजा. लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, त्याला मर्यादा आहेत, कबूल. पण माझे चाकण ते लोहगावचे दोन तास दहा मिनिटं हवाई दलाने घेतले नव्हते.

लोहगाव तुकोबांचं आजोळ. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने या विमानतळाला त्यांचं नाव द्यायचं ठरवलं. नाव योग्यच आहे. फक्त एक आठवण ठेवा. तुकोबांना न्यायला आलेलं विमान, असं आपण मानतो, देहूत आलं होतं. देहूपासून लोहगावपर्यंत ट्रॅफिकमधून त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

मग मागायचं काय? माझ्या चार मागण्या आहेत, आणि त्यांना नवीन विमानतळ लागत नाही.

पहिली: ज्या मार्गाला लोकांच्या पैशातून भरपाई मिळते, त्याचा महिन्याचा हिशोब उघड लावा. ठरलेली उड्डाणं किती, उडालेली किती. आमच्या लाइनवर असा फलक तासातासाला भरतात.

दुसरी: चाकण आणि पिंपरी-चिंचवडहून लोहगावला शिफ्टच्या वेळा धरून बस सोडा. मध्यरात्री बारालाही. तशीच बस बिरसीहून गोंदिया स्टेशनला, चिपीहून कुडाळ स्टेशनला. विमान उतरल्यावर सुटणारी, विमान यायच्या आधी निघून जाणारी नव्हे.

तिसरी: भरपाईच्या मार्गांवर प्रत्येक विमानात दोन जागा शेवटच्या तासापर्यंत मर्यादित दरात राखून ठेवा. घरात मयत किंवा गंभीर आजारपण असलेल्यासाठी. सत्तरातल्या दोन जागांनी कुणी बुडत नाही.

चौथी: विदर्भ-मराठवाड्याकडे जाणाऱ्या गाड्यांना जनरल आणि स्लीपरचे डबे वाढवा, आणि चाकणला स्टेशन द्या.

या मागण्या कुणी लगेच मान्य करेल, असा माझा भ्रम नाही. म्हणून तुमच्याकडे एक छोटं काम मागतो. तुमच्या फोनवर ते अंतर काढणारं पान उघडा. तुमच्या गावाजवळचा विमानतळ आणि तुम्ही राहता तिथला विमानतळ टाका. जो वेळ येईल तो लिहून ठेवा. मग मागच्या वेळी घरी गेलात तेव्हा खोलीच्या दारापासून घराच्या दारापर्यंत किती तास लागले, ते त्याच्याखाली लिहा, तिकिटाच्या पैशासाठी थांबलेले तास धरून. आणि पुढच्या वेळी कुणी मंचावरून सव्वा तासाची गोष्ट सांगितली, की हात वर करून विचारा: कुठून कुठपर्यंत?

माझे दोन आकडे कोकण्याने खडूने आमच्या खोलीच्या दारामागे लिहिले होते. वर एक तास सव्वीस, खाली वीस तास पन्नास. आम्ही खोली सोडली तेव्हा घरमालकाने रंग काढला. आता तिथे दुसरी पाच पोरं राहतात. त्यातला एक देवरीचा आहे, माझ्यापेक्षाही पुढचा. त्याची आई घरी एकटी असते. त्याने मला परवा विचारलं, "दादा, काही झालंच तर इथून लवकरात लवकर कसं जाता येतं?"

मी त्याला खालचा आकडा सांगितला.